भिंतीवरचं प्रवाळ

माझी मैत्रीण शुभदा मातीतून समुद्र घडवते. यंदा तिच्या प्रदर्शनात भिंतभर प्रवाळ होतं, जांभळं, केशरी, भट्टीत भाजून काढलेलं. लहानपणी तिला होडीतून समुद्रात नेणारे मालवणचे बाबीकाका ते बघायला मुद्दाम आले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते बघत गेले.

“काका, जमलंय ना?” तिनं विचारलं.

“जमलां गो. पण आता खाली दर्यात हे रंग खंय रवले? सगळां पांढराफटक पडलां.”

गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण ताजा हार घालतो, तसे भिंतीवरचे ते रंग मला एकदम वाटले.

तेवढ्यात एका बाईंनी उत्साहानं विचारलं, “आम्ही सुट्टीत मालवणला जाणार आहोत. हे नक्की कुठं दिसेल?”

“इथंच बघून घ्या,” शुभदा म्हणाली.