पाच एमएलची भूल

"मॅडम, भुलीचं औषध वीस एमएल भरून ठेवलंय," सिस्टर म्हणाल्या. नेहमीसारखंच.

"आज पाचच द्या."

सर्जन पाटीलसर हात धूत होते. तिथूनच म्हणाले, "पाच? नैवेद्य दाखवताय का?"

टेबलावर घोटीच्या भागाबाई होत्या, साठी ओलांडलेल्या. मुलाच्या मोटारसायकलवरून पडल्या आणि उजवी कॉलरबोन मोडली. हाडाचं टोक आतून कातडीला टोचत होतं, त्यामुळे प्लेट लावणं टळणार नव्हतं. पण तरुणपणीच्या टीबीनं त्यांचं डावं फुप्फुस जवळजवळ निकामी केलं होतं. पूर्ण भूल देऊन व्हेंटिलेटरवर घेतलं, तर त्या पुन्हा त्यातून सुटतील याची मला खात्री नव्हती.

म्हणून ब्लॉक. म्हणजे मानेतल्या नसांपाशी औषध सोडून तेवढाच भाग बधिर करायचा. पण त्या नसांना खेटूनच श्वासाच्या पडद्याची नस जाते. औषध जास्त झालं की पसरतं आणि त्या बाजूचा पडदा थंडावतो. धडधाकट माणसाला ते चालून जातं. भागाबाईंचं चालतं फुप्फुस नेमकं उजवंच होतं.

ही २००९च्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये सोनोग्राफी नवीन आली होती. सुई कुठे आहे ते स्क्रीनवर दिसायचं. नसांशेजारी मोजून पाच एमएल सोडलं, कातडी बधिर व्हावी म्हणून थोडं वरच्या थरात दिलं. पंधरा मिनिटांनी चिमटा घेतला.

"लय दुखतंय की, बाई!"

"टाका अजून दहा," पाटीलसर म्हणाले. माझा हात वीसच्या सिरिंजकडे गेलासुद्धा. वाढणाऱ्याचा हात आपल्याकडे आखडत नाही, भुलीतही नाही.

"आता काय करताय?" भागाबाईंनी विचारलं.

"औषध कमी पडलंय वाटतं, मावशी."

"थांबा की जरा. भाताची आवणी केली का रोप आधी मान टाकतंच. म्हणून कुणी त्याच जागी आणखी रोपं खोचतं का?"

मी सिरिंज खाली ठेवली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? दहा मिनिटं सर घड्याळाकडे आणि मी भागाबाईंच्या छातीकडे बघत राहिलो.

"घ्या ना चिमटा," त्या म्हणाल्या.

"घेतला, मावशी."

प्लेट बसेपर्यंत ऑक्सिजनचा आकडा हलला नाही आणि भागाबाईंचं तोंडही थांबलं नाही. शेवटी सरांनीच विचारलं, "मॅडम, तोंडाचा ब्लॉक नसतो का?"

तेव्हापासून सिस्टर अशा पेशंटला पाचच भरतात. थांबण्याचं औषध मात्र कुठल्याच कुपीत येत नाही. ते ज्याचं त्यानं आणायचं.