खाली अक्षरं येणारे सिनेमे

तीन तासांचा सिनेमा आम्ही दोघांनी एकत्र शेवटचा कधी पाहिला ते मला आठवत नाही. माझा नवरा सिल्वासाजवळच्या अथालच्या एका धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मी किलवणीकडच्या एका शाळेत शिक्षिका. तो येतो तेव्हा मी निघालेली असते, मी येते तेव्हा तो बूट घालत असतो. मधे सापडतो तो जेमतेम अर्धा तास. त्यात चहा असतो, सिलिंडर संपला का ते असतं, हॉस्टेलवर असलेल्या लेकीचा विषय असतो, आणि उरलेल्या वेळात सिनेमा. छोटा सिनेमा, म्हणजे शहाणे लोक ज्याला शॉर्टफिल्म म्हणतात. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना 'तो' म्हणणार आहे. एवढी सूट मला पाहिजे.)

आमच्या इमारतीत भिंतीपलीकडे कायम कुणीतरी झोपलेलं असतं. सिल्वासात भर दुपारी अर्ध्या गावाची रात्र चालू असते. त्यामुळे मोबाइलचा आवाज मोठा करायचा नाही, हा इमारतीचा न लिहिलेला कायदा. लेकीने टाकून दिलेले बिनवायरचे इयरफोन आम्ही उचलले. एक त्याच्या कानात, एक माझ्या. पाठ भिंतीला, मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवलेला. हे आमचं थेटर.

निवडीचं काम माझ्याकडे. बसमध्ये येता-जाता मी चार पाहून ठेवते, त्यातला एक घरी लावते. ऐनवेळी शोधायला बसलं की बघण्यापेक्षा शोधण्यातच वेळ जातो आणि मग कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन उभी राहते. आता माझा या विषयात चांगलाच हात बसला आहे. पहिल्या मिनिटात पंखा फिरताना दाखवला तर तो सिनेमा सोडून द्यावा, त्यात काही घडत नाही. म्हातारा एकटाच दोन कप चहा करताना दिसला तर बायको मेलेली आहे, हे ओळखून आपण आपली भाजी निवडायला घ्यावी. आणि फारच गोड असेल, आई-मुलगा, पाऊस, छत्री वगैरे, तर सावध राहावं. एकदा अशाच एकाने मला हुंदका फुटेपर्यंत रडवलं आणि शेवटी कळलं की ती मिक्सरची जाहिरात होती. नवरा दोन दिवस हसत होता. मिक्सर लावला की म्हणायचा, "रडू नको वं."

त्याची आवड सुरुवातीला साधी होती. मारामारी, नाहीतर विनोद. मी काही गंभीर लावलं की तो बशीत चहा ओतून घ्यायचा आणि म्हणायचा, "हे मास्तर लोकांचं आहे. आपल्याला काही तरी जोरदार लाव." आणि मग एक दिवस, काही कारण नसताना, त्याने फर्माइश केली, "खाली अक्षरं येतात ना, तसला लाव."

मी विचारलं, "इंग्रजी?"

"चालेल ना. वाचून वाचून इंग्रजी सुधारेल. सुपरवायझर लोक सगळं इंग्रजीतच फाडतात."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. या माणसाला मी लग्नापासून वर्तमानपत्राची पहिली घडी उघडायला लावू शकले नव्हते. तो आता इंग्रजी वाचणार होता. मी नादच धरला. कुठल्या कुठल्या देशांतले सिनेमे आमच्या पोह्यांच्या डब्यावर येऊन टेकले. एकात बर्फाच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडत होत्या. भाषा कुठली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण नवरा माझ्याआधी हसत होता. अक्षरं तो माझ्यापेक्षा भरभर वाचायला लागला होता. मी स्टाफरूममध्ये सहज बोलल्यासारखं करून सांगितलं, की आमच्याकडे हल्ली परदेशीच सिनेमे चालतात, यांना दुसरं काही आवडतच नाही. मुंबईहून आलेल्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमचे मिस्टर? कंपनीतले?" मी म्हटलं, "हो ना, काय करणार." दिवसभर मी हवेत होते.

मधे एकदा मी गावाकडची एक मराठी गोष्ट लावली. लहान मुलगी आणि तिची शेळी. मुलगी इतकी लाघवी बोलत होती की मला ती उचलून घ्यावीशी वाटली. अक्षरं मात्र नव्हती. नवरा थोडा वेळ बसला आणि "बोअर आहे" म्हणून उठून दाढी करायला गेला. मी मनात म्हटलं, झालं, आता याला मराठीही चालेना. शेफारला.

अजून एक सुधारणा झाली होती, ती मी फक्त माझ्या आईला फोनवर सांगितली. तो आता माझं ऐकून घ्यायला लागला होता. पूर्वी मी शाळेतलं काही सांगायला लागले की मधेच तोडायचा, नाहीतर शहाणपण शिकवायचा. आता शांत बसायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि शेवटी म्हणायचा, "बराबर आहे तुझं." मुख्याध्यापकांनी मला दिलेला जास्तीचा वर्ग, पोषण आहाराच्या खोलीचं गळकं छप्पर, सगळं मी ओतायची आणि तो म्हणायचा, "बराबर आहे तुझं." आई म्हणाली, "वयाने माणूस निवतो गं." मलाही तसंच वाटलं.

त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. मी शाळेतून आले, चहा ठेवला आणि त्याला म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी आलेच. त्याने एक मराठीच सिनेमा लावला, इंग्रजी अक्षरांचा. लग्नाच्या हॉलमध्ये दोन घरांनी एकाच दिवशी बुकिंग केलेलं असतं आणि दोन्हीकडचे आचारी एकाच चुलीवरून भांडतात, अशी काहीतरी गोष्ट. स्वयंपाकघरात मला त्याचं हसणं ऐकू येत होतं. मी कप घेऊन आले, शेजारी बसले, माझा इयरफोन कानात घातला. काहीच ऐकू येईना. मी तो काढून झटकला, परत घातला. मग त्याच्या कानातला काढून माझ्या कानात घातला. तोही मुका. दोन्हींचं चार्जिंग संपलेलं होतं, आणि मोबाइलचा आवाज शून्यावर होता.

मी म्हटलं, "अहो, आवाज कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोबाइलकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तसंच अर्धवट राहिलं. म्हणाला, "मला वाटलं चालू आहे."

तेवढ्यात कंपनीच्या बसची वेळ झाली. तो चहा न पिताच गेला आणि मी पोह्यांच्या डब्यासमोर बसून राहिले.

खरं सांगते, मला आधी काळजी वाटली नाही, राग आला. एवढे दिवस मी जे जीव तोडून सांगत होते ते या माणसाने ऐकलंच नव्हतं. तो मान हलवत होता आणि मी आईला त्याचे गोडवे सांगत होते. मी अबोला धरला. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी अबोला धरण्यात काही अर्थ नसतो, हे माझ्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. त्याला पत्ताच नव्हता. उलट शांत बसला होता बिचारा.

मग भांडण केलं, समोरासमोर, मोठ्याने, भिंतीपलीकडच्या झोपलेल्यांची माफी मागून. तेव्हा त्याने सांगितलं. कंपनीच्या हॉलमध्ये मशीनांचा आवाज इतका, की बाजूच्या माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलायचं. कानात घालायला रबराची बोंडं देतात, पण ती घातली की गरम होतं, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, म्हणून कुणीच घालत नाही. पाळी संपली तरी कानात शिट्टी वाजत राहते. आधी थोडा वेळ वाजायची, आता थांबतच नाही.

"मग डॉक्टरकडे जायचं सोडून इंग्रजी सुधारत बसलात?"

"टेन्शन नको घेऊ. भागून जातं माझं."

"आणि कानाला ते ऐकायचं मशीन लावलं तर काय होईल?"

त्याने पोह्यांच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाला, "हॉलमध्ये जो तो बहिऱ्या म्हणेल. आमच्यातल्या एकाला म्हणतच होते. गाव सोडून गेला तो."

मी चार दिवस त्याला सगळ्या बाजूंनी समजावलं. तो मान हलवायचा, आणि त्या मान हलवण्यावर माझा आता काडीचा विश्वास नव्हता. शेवटी मी त्याला समोर बसवलं, हनुवटी धरून त्याचं तोंड माझ्याकडे केलं आणि सावकाश म्हटलं, "सिनेमाला खाली अक्षरं येतात. मला येत नाहीत."

तो बूट घालून पाळीला गेला. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी स्वतःहून तयार होऊन बसला होता.

सिल्वासातल्या कानाच्या डॉक्टरकडे काचेची एक छोटी खोली होती. नवऱ्याच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर उभी. तो भराभर दाबत होता, मला वाटलं, अरे, याला तर सगळं ऐकू येतंय. मग डॉक्टरीणबाई उठल्या, आत गेल्या आणि त्याची खुर्ची भिंतीकडे वळवून आल्या. इतका वेळ तो त्यांच्या हाताकडे बघून दाबत होता. खुर्ची वळवल्यावर मला फक्त त्याची पाठ आणि बटणावरचा अंगठा दिसत होता. अंगठा हलेना. बाई एकेक कळ फिरवत होत्या आणि तो अंगठा बटणावर नुसता ठेवलेला. माझा राग तिथेच संपला. मी पदराने डोळे पुसले आणि रिसेप्शनवरच्या मुलीने मला पाणी आणून दिलं.

बाईंनी समजावून सांगितलं की अशा आवाजात काम करणाऱ्यांना बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बायकांचे, लहान मुलांचे. पुरुषांचे त्यामानाने उशिरा. म्हणजे सुपरवायझर ऐकू येत होता आणि मी नाही. मी म्हटलं, "बाई, हे बाहेर सांगू नका, सगळे नवरे हेच कारण देतील." त्या हसल्या. माझ्या हसण्यात फार दम नव्हता.

मशीन लागल्यावर आठवडाभर घरात तक्रारीच तक्रारी. तू भांडी आपटतेस. प्लास्टिकची पिशवी किती कडकडते. कुकरची शिट्टी झाली की दचकायचा. लेकीचा फोन आला तेव्हा मात्र कोपऱ्यात जाऊन कितीतरी वेळ बोलत होता. एरवी तो दोन वाक्यं झाली की फोन माझ्याकडे द्यायचा, आणि मी त्याला बाप लोकांची रीत समजत होते.

हे सगळं घरात. कंपनीची बस दिसली की तो ते मशीन काढून खिशात घालायचा. मी गॅलरीतून बघायची. हात कानाकडे जायचा, मग खिशाकडे. मी ओरडले, रुसले, समजावलं. तो म्हणायचा, "हॉलमध्ये नाहीतरी काढूनच ठेवायचं, डॉक्टरच म्हटल्या ना." ते खरं होतं. पण बसमध्ये कुठे हॉल होता? मला त्याच्या कानापेक्षा त्या खिशाची जास्त काळजी वाटायला लागली. आयुष्यभर हा असा लपवत राहिला तर चार माणसांतून हळूहळू उठून जाईल, हे मला दिसत होतं.

मग एका रविवारी त्याच्या हॉलमधले दोघे जेवायला आले. एक धुळ्याकडचा, आमच्यापेक्षा वयाने मोठा. दुसरा नंदुरबारचा. मी भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या होत्या. दार वाजलं तसा नवऱ्याचा हात कानाकडे गेला आणि मशीन खिशात. मी शेवटची भाकरी जरा जोरातच थापली.

जेवणं झाली. धुळ्याकडचा म्हणाला, "वहिनी, तुमी सिनेमे लई पाहतात म्हने. दाखवा ना एखादा लहानसा. दुसऱ्या पाळीच्या आत जायचंय."

टीव्हीवर मी एक मराठी विनोदी लावला. खाली अक्षरं नसलेला. मुद्दाम लावला असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. आवाज मोठा ठेवला, भिंतीपलीकडचे त्या दिवशी गावाला गेले होते. मी दारात उभी राहिले आणि सिनेमा सोडून त्या तिघांना बघू लागले. तिघेही हसत होते. पण हसायच्या आधी नंदुरबारवाला धुळ्याकडच्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि धुळ्याकडचा माझ्या नवऱ्याच्या. माझा नवरा कुणाकडेच न बघता पडद्याला डोळे लावून बसला होता, कारण तिथे काय चाललंय ते कळायचा त्याला दुसरा मार्ग नव्हता. मग त्याने मान वळवली. त्या दोघांना त्याने एकमेकांच्या तोंडाकडे बघताना पाहिलं. माझ्याकडेही एकदा पाहिलं.

त्याने रिमोट घेतला आणि सिनेमा थांबवला. खिशातून मशीन काढलं, त्यांच्या समोरच कानात बसवलं, आणि म्हणाला, "मले कमी ऐकू येतं. बरेच दिवस झाले. डॉक्टरकडून हे आणलंय."

धुळ्याकडचा पाण्याचा ग्लास हातात फिरवत राहिला. मग खाली बघूनच त्याने विचारलं, "कोन्या डॉक्टरकडे गेलता? सिल्वासातच का?"

नवऱ्याने सांगितलं.

नंदुरबारवाला दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काय म्हणून राहिले हे, वहिनी?"

मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि त्याला सगळं पहिल्यापासून, सावकाश, परत सांगितलं.