शुभेच्छुकमधला च्छ

"आधी वायर बघा."

कॉम्प्युटर बंद पडला म्हणून कुणी जिना चढून वर आलं की मॅडम एवढंच म्हणायच्या. मानसुद्धा वर करायच्या नाहीत. समोरचा माणूस घाबरलेला असायचा, डिस्क गेली, सगळं काम गेलं असं एका दमात सांगत असायचा. मॅडम हातातला परिच्छेद टाइप करून संपवायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या. एकदा खालच्या छापखान्यातला पंखा बंद पडला तेव्हाही त्यांनी वरून हेच सांगितलं. आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढं त्यामागचं सगळं उलगडलं आणि मलाही त्या वाक्यावर हसणं जमेना.

लक्ष्मीपुरीत त्या छापखान्याच्या वर त्यांची डीटीपीची खोली होती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी छापखान्याची प्रुफं तपासायचो. त्यामुळं रोज तासभर तरी मी त्यांच्या खोलीत असायचो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध असं काम चालायचं. मॅडमचा हात वेगवान होता आणि जीभ त्याहून. प्रबंधातली चूक दाखवली की त्या म्हणायच्या, "मूळ कागदात हाय तसं मारलंय. अक्कल माझी घालायची असंल तर नाव पण माझंच घालू दे." कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी करतो, मी बघतो' असंच बोलायच्या. कुणी पुण्याचं गिऱ्हाईक त्यावर हसलं तर त्याचं काम मागं पडायचं.

त्यांचे वडील पेंटर. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणायचो. मूळ गाव कोडोली. तिथल्या विहारावरचं नाव त्यांनी ऐन विशीत रंगवलं आणि तेव्हापासून पाट्यांचं काम सुटलं नाही. किराणा दुकानं, दवाखाने, पिठाच्या गिरण्या, कुस्तीच्या मैदानांचे फलक. आण्णांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. भरदार, जरा पुढं झुकलेलं, कुठंतरी निघाल्यासारखं. पुढं त्यांचा हात थरथरायला लागला. शिडीवर चढणं संपलं. तेव्हा मॅडमनी ठरवलं की आण्णांचं अक्षर कॉम्प्युटरात घालायचं. त्याचा फॉन्ट करायचा.

तुम्ही कधी फॉन्ट तयार होताना बघितला नसेल. मीही नव्हता बघितला. चांगल्या दिवशी, हात जरा स्थिर असला की आण्णा कागदावर ब्रशनं एक अक्षर काढायचे. मॅडम ते स्कॅन करून आणायच्या आणि माउसनं त्याच्या कडेकडेनं ठिपके देत जायच्या. एका 'ख'ला आठवडा गेला. आण्णा शेजारी खुर्चीत बसून सांगायचे, "पोट जरा सोड की त्याचं. जेवलेला वाटू दे." असं वर्ष, दोन वर्षं चाललं. गिऱ्हाइकांचं काम संपलं की हे काम. सगळी अक्षरं झाली, मात्रा-वेलांट्या झाल्या, बरीचशी जोडाक्षरं झाली. 'च्छ' तेवढा नीट बसत नव्हता. तिथं शिरोरेषा तुटायची, मध्ये डोळ्याला टोचेल अशी फट दिसायची. पुढच्या आठवड्यात करतो, असं मॅडम म्हणत राहिल्या.

आणि एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ. त्याला डिस्क सापडत नव्हती.

आज आपण सगळे थोडंफार शहाणे झालोय. तेव्हा कॉम्प्युटर उघडणं म्हणजे माणसाचं पोट उघडण्यासारखं वाटायचं. मॅडमनी आख्खा डबा रिक्षात घातला आणि ज्याच्याकडून घेतला होता त्या दुरुस्तीवाल्याकडं नेला. तरुण, गोड बोलणारा माणूस. त्यानं दोन दिवस डबा ठेवून घेतला आणि सांगितलं की डिस्क मेली. वॉरंटीत असल्यामुळं कंपनी नवी देईल, फक्त जुनी परत करावी लागेल. मॅडमनी विचारलं, आतलं काढता येईल का? तो म्हणाला, मेलेल्या डिस्कमधून काही निघत नाही.

त्यांनी नवी डिस्क घेतली, जुनी देऊन टाकली. घरी येऊन फॉन्टची नक्कल ठेवलेल्या फ्लॉपी काढल्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरलेली. एकही वाचली गेली नाही. आण्णांचे कागद माळ्यावर होते, ते वाळवीनं खाल्ले होते. आण्णांना ब्रश धरता येत नव्हता. मॅडमनी आठवणीनं पुन्हा सुरुवात केली आणि 'ट'पाशी सोडून दिली. म्हणाल्या, "माझं अक्षर व्हायलंय सर. त्यांचं येईना."

काही महिन्यांनी तोच काळा पडदा पुन्हा आला. तीच ओळ. डिस्क तर नवी. या वेळी मी समोर होतो. मॅडमनी कुणाकडंही न जाता स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि आत टॉर्च मारला. डिस्कला जोडलेली चपटी राखाडी वायर एका टोकाला उंदरानं कुरतडली होती. जवळच्या दुकानातून दुसरी आणली, बसवली. डिस्क फिरू लागली. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं.

मॅडमनी ती कुरतडलेली वायर टॉर्चच्या उजेडात धरली. मग म्हणाल्या, "तवा पण हेच असणार."

दुसऱ्या दिवशी त्या दुरुस्तीवाल्याकडं गेल्या. त्यानं सांगितलं, जुनी डिस्क केव्हाच कंपनीकडं गेली, आता कुठली सापडते. चहा पाजून परत पाठवलं.

त्यानंतर मॅडमनी डिस्क हा विषय धरला तो सोडला नाही. भंगारातून मेलेल्या डिस्क आणायच्या, उघडायच्या. आत आरशासारखी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा एक बारीक हात. मला दाखवून म्हणायच्या, "हा हात तबकडीला टेकत न्हाय. केसाएवढं पण अंतर नसतंय, पण टेकत न्हाय. टेकला की संपलं." डिस्कला वीज पोचते का ते आधी बघायचं, मग वायर, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तिथं ती दिसते का ते, आणि सगळ्यात शेवटी डिस्कला दोष द्यायचा, हा त्यांचा क्रम. पुसून टाकलेलं खरोखर पुसलं जात नाही हेही मला त्यांच्याकडून कळलं. पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाडावी तसं असतं, पानं तशीच राहतात, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की मी पुढचं विचारत नसे.

माणसं त्यांच्याकडं डिस्क घेऊन येऊ लागली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतला ड्रॉइंगवाला टॉवेलात गुंडाळून डिस्क घेऊन आला. मॅडमनी ती क्षणभर जोडली. आतून टक, टक असा आवाज आला. लगेच बंद केली. कारखान्यात किती वेळा चालू करून बघितली, असं त्यांनी विचारलं. सकाळपासून बघतोय, म्हणाला. मॅडम म्हणाल्या, दर वेळी आत खरवडत गेलंय. तो डिस्क ठेवून जायला निघाला, उद्या येतो म्हणाला.

"ठेवून जायचं न्हाय," मॅडम म्हणाल्या. "डिस्क कुणाकडं ठेवून जायाची नसती. बसा हितं, माझ्यासमोर."

तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. अर्धी ड्रॉइंगं निघाली. उरलेली गेली म्हणून त्यांनी तोंडावर सांगितलं. धीर देणं त्यांना यायचं नाही. पण कुणाचीही डिस्क त्यांनी नजरेआड एक मिनिट ठेवून घेतली नाही.

मग शहरात फ्लेक्स आले. तुम्ही पाहिलेत ते दिवस. चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक, गॉगल घातलेले चेहरे, खाली नावांची रांग. पेंटर मंडळी बघता बघता रिकामी झाली. कुणी घरं रंगवू लागलं, कुणी वॉचमन झालं.

आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या सुमाराची गोष्ट. डॉक्टरांना डोळा दाखवून आम्ही तिघं रिक्षानं परत येत होतो. दसरा चौकात रिक्षा थांबली तसे आण्णा वाकून बाहेर बघू लागले. मग माझा हात धरला. समोर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. भरदार, पुढं झुकलेली अक्षरं.

"ह्यो ख माझा हाय," आण्णा म्हणाले. "पोरी, गेलेली काढलीस व्हय परत. लावलीस की गावभर."

मी मॅडमकडं पाहिलं. त्या फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बघत होत्या. तिथं लिहिलं होतं, शुभेच्छुक. आणि शिरोरेषा तुटली होती, नेमकी 'च्छ'पाशी.

"व्हय आण्णा," मॅडम म्हणाल्या.

"च्छ तेवढा कच्चा राहिलाय."

"करतो दुरुस्त."

आण्णा घरी पोचेपर्यंत बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं की पोरीनं माझं अक्षर साऱ्या कोल्हापुरात नेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम फ्लेक्सवाल्याकडं गेल्या, मी सोबत होतो. तिथल्या ऑपरेटरला काही माहीत नव्हतं. त्यानं निरागसपणे ड्रॉवरमधून एक सीडी काढून दाखवली, हजारभर फॉन्टची. ती सगळ्यांकडंच आहे म्हणाला. मिळाली कुठून, असं विचारल्यावर त्यानं त्याच दुरुस्तीवाल्याचं नाव घेतलं.

तिथून आम्ही थेट त्याच्याकडं गेलो. दुकान आता मोठं झालं होतं. त्यानं मॅडमचं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"तुमची डिस्क मेलेली, हे तुम्हीच कबूल केलंतं की मॅडम," तो म्हणाला. "मेलेल्या डिस्कमधनं अक्षरं कशी येतील? आणि अ आ इ कुणाच्या बापाचं हाय व्हय?"

मॅडमकडं या प्रश्नाला उत्तर होतं. अगदी सरळ उत्तर होतं. त्यांनी ते दिलं नाही. वकिलांकडं गेलो तर तेही म्हणाले, जुनी डिस्क नाही, कागद नाहीत, सिद्ध काय करणार? जिना उतरताना मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "आण्णांना कळू द्यायचं न्हाय."

त्यापुढचं मला सांगवत नाही, पण तेच खरं त्यांचं चित्र आहे. ज्या बाईनं आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही ती रोज घरी खोटं बोलू लागली. आण्णा रोज विचारायचे, च्छ केलास का? मॅडमनी ती चोरीची सीडी स्वतः विकत आणली. स्वतःचाच फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरात घातला आणि 'च्छ' दुरुस्त केला. शिरोरेषा जुळवली. एका कागदावर मोठ्या अक्षरात 'शुभेच्छुक' छापून आण्णांना दाखवला. आण्णांनी तो जवळ धरला, लांब धरला. आता बसला, म्हणाले.

पण तो एका कॉम्प्युटरात बसला होता. गावातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांत तुटकाच होता आणि तुटकाच राहणार होता. आण्णांना हे कसं कळावं? ते काठी टेकत कोपऱ्यावर जायचे, नवा फ्लेक्स लागला की खालचा कोपरा बघायचे आणि परत यायचे. अजून जुनाच लावत्यात, असं म्हणायचे. मॅडम सांगायच्या, बदलतील हळूहळू. मी एकदा धीर करून म्हटलं, खरं सांगून टाका. त्या टाइप करायच्या थांबल्या. "त्यांच्याकडं तेवढंच हाय सर," म्हणाल्या आणि पुन्हा टाइप करू लागल्या.

आण्णा त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही.

गल्लीच्या तरुण मंडळाच्या पोरांचा आण्णांवर जीव होता. मंडळाचा पहिला फलक त्यांनीच फुकट रंगवून दिला होता. पोरांनी कुणाला न विचारता कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. आण्णांचा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली त्यांचं पूर्ण नाव आणि पुढं पेंटर. सगळं आण्णांच्याच अक्षरात. त्यात च्छ कुठं नव्हता. तळाला बारीक अक्षरात सौजन्य म्हणून त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानाचं नाव होतं. त्यानं आता फ्लेक्सचं मशीनही घेतलं होतं, आणि आण्णांसारख्या कलावंताचा फ्लेक्स म्हणून त्यानं एक पैसा घेतला नाही, असं पोरं कौतुकानं सांगत होती.

मॅडम स्मशानातून परतताना तिथं थांबल्या. वरपासून खालपर्यंत वाचलं. प्रुफं वाचतात तसं, सावकाश. मला वाटलं आता त्या तो फाडतील. एका पोरानं भीत भीत विचारलं, कसा झालाय ताई?

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "उतरवला की माझ्याकडं द्या."

पाऊस लागला तसं त्यांनी लक्ष्मीपुरीतली खोली सोडली. बहीण गारगोटीला होती, तिकडं जाणार होत्या. त्या दिवशी मी शाळा बुडवून आलो. सामान फार नव्हतं. टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर, एक खुर्ची. टेम्पो भरला आणि वर आच्छादन नाही म्हणून ड्रायव्हर कुरकुर करू लागला. मॅडम वर गेल्या आणि त्या फ्लेक्सची घडी घेऊन खाली आल्या. चौघांनी चार कोपरे धरले, दोरीनं आवळून बांधले. पांढरीशुभ्र कोरी बाजू वर होती, तिच्यावर पाऊस वाजत होता. अक्षरं आतल्या बाजूला होती. मॅडम ड्रायव्हरशेजारी बसल्या, दार ओढून घेतलं, आणि टेम्पो रंकाळ्याच्या दिशेनं निघून गेला.