उलट्या गिअरमधली शेळीचोरी

एखादी मोटार चढावर उलटी जाताना दिसली, की मला त्या सहा शेळ्यांचं प्रकरण आठवतं आणि हसू आवरत नाही. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

निवृत्तीपूर्वी मी मंगरुळपीर तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून डायरी चाळत होतो, तेवढ्यात आसेगावकडच्या एका वस्तीवरची बाई थेट टेबलासमोर येऊन उभी राहिली. नवरा ऊसतोडीला गेलेला, घर चालायचं ते शेळ्यांवर. आदल्या दुपारी ती तूर सोंगायला गेली आणि परत येऊन पाहते तर गोठा रिकामा.

"एक गाभण हाय, साहेब. आज-उद्या विईन. बाजारात गेली तं कापतीन तिले!"

संशय कोणावर, असं विचारताच तिनं शेजाऱ्याचं नाव घेतलं. कुंपणावरून दोघांचं जुनं वाकडं होतं. गुन्हा नोंदवून मी त्याला बोलावून घेतलं. तो बाकावर बसून एकच वाक्य म्हणत राहिला, "मले बकरीचा वास सहन होत नाई. मी कायले नेऊ?"

माझा अनुभव असा, की भांडणाऱ्या शेजाऱ्याला चोरीपेक्षा भांडण जास्त प्यारं असतं. चोरी केली तर तो आधी पकडला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण दुसऱ्या दिवशी केनवडचा बाजार होता आणि हाती दुसरा धागा नव्हता.

धागा मिळाला तो भलत्याच तक्रारीतून. मंगरुळपीरला किराणा दुकान असलेले एक शेठजी रागारागानं ठाण्यात आले. त्याच वस्तीजवळ, पुलाच्या कामासाठी काढलेल्या मुरमाच्या वळणरस्त्यावरून ते आदल्या दुपारी स्कूटरनं येत होते.

"साहेब, एक छोटी गाडी चढावर उलटी येत होती! मी स्कूटर बाजूला घातली म्हणून वाचलो. डायव्हर पिऊन होता. शेजारी डोक्यावर ओढणी घेतलेली बाई, आणि मागच्या काचेला आतून चादर."

"गाडी डगमगत होती?"

"नाही हो. सुतासारखी सरळ."

प्यायलेला माणूस गाडी पुढे सरळ नेऊ शकत नाही, तो मागे काय नेणार? नंबर शेठजींना पाठ होता, कारण त्यांच्या स्कूटरच्या नंबरात आणि त्यात एकाच आकड्याचा फरक होता.

गाडी रिठदकडच्या एका तिशीतल्या पोराची निघाली. तो लग्नाच्या भाड्यावर ती चालवायचा. आमच्या माणसांनी त्याला गाडीसकट आणलं. इतकी स्वच्छ गाडी मी वाशिम जिल्ह्यात पाहिली नव्हती. सीटखाली धूळसुद्धा नाही, आणि आत अत्तराचा असा भपका की आमच्या हवालदाराला शिंका आवरेनात.

"बहिणीकडे चाललो होतो. एकटाच होतो, गाडी रिकामी होती," त्यानं सांगितलं.

"मग उलटी काहून चढवली?"

"पहिला गिअर पडत नव्हता."

आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. त्याचं उत्तर बदललं नाही. गाडीत ओढणीवाली बाई होती, हे तर त्यानं साफ नाकारलं. शेवटी मी दोन पंच घेतले, त्याला आणि त्याची गाडी घेऊन त्याच चढावर गेलो.

आमच्या चालकानं रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये सहज वर नेली. गिअरची गोष्ट खोटी ठरली. पण खोटं बोलणं म्हणजे शेळ्या चोरणं नव्हे. मी म्हटलं, मागे वजन टाकून पाहू. मागची सीट पाडून दोन शिपाई बसवले, डिकीत आमचे भरभक्कम हवालदार बसले. गाडी अर्ध्या चढावर गेली आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. मुरूम उडाला, क्लच जळल्याचा वास सुटला.

आमच्या चालकाचा सगळा जन्म सरकारी जीपवर गेलेला. जीपची मागची चाकं गाडी ढकलतात, त्यामुळे मागे माणसं वाढली की तिची पकड वाढते. त्यानं सवयीनं हाक दिली, "साहेब, मागं अजून एक जण द्या!"

मी एका पंचाला बसवलं. चाकं आणखी जोरात फिरली. पाचव्या माणसाचा विचार सुरू झाला, तेव्हा तो पोरगा, जो इतका वेळ ओठ चावत उभा होता, एकदम ओरडला.

"अबे, गाडीचा जीव घेऊन राह्यले तुमी! जीप नाई हे! हिचे समोरचे चाकं गाडी वढतात. मागं वजन टाकलं की नाक उचलते, मंग चाकं पकडतीन कशे? उलटी घ्या, सारं वजन समोरच्या चाकावर येते!"

"तुला काय माहीत?" मी म्हटलं.

"माहीत काय म्हंजे? काल सहाच्या सहा..."

डिकीतून हवालदारानं मान बाहेर काढली.

"सहा काय रे?"

"शेळ्या," पोरगा म्हणाला. मग मात्र त्याला थांबवणं कठीण झालं. मागे भार असला की वळणावर स्टेअरिंग कसं हलकं लागतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळच कशी पळते, सगळं त्यानं सांगितलं.

"म्हणून सगळ्यात वजनदार शेळी म्या समोर शेजारच्या सीटवर बसवली. गाभण होती ते. लोकाईले दिसू नये म्हणून वरतून ओढणी टाकली."

शेठजींना दिसलेली बाई ती हीच.

त्याचं निवेदन पंचांसमोर लिहून घेऊन आम्ही त्याच्याबरोबर निघालो. शेळ्या एका शेतातल्या टिनाच्या खोलीत होत्या, सहाच्या सहा. ठाण्यात आणल्यावर गाभण शेळीनं मागच्या निंबाखाली दोन पिल्लं दिली. सुपूर्दनाम्याच्या वेळी लेखनिक माझ्याकडे पाहू लागला. जप्त सहा, परत आठ. मुद्देमाल कमी झाल्याच्या तक्रारी मी पाहिल्या होत्या, वाढलेला पहिल्यांदाच पाहिला.

बाई पिल्लं पदरात घेऊन निघाली, तेव्हा बाकावर बसवून ठेवलेला तिचा शेजारी आडवा उभा राहिला. "आता माफी माग."

"माफी कायले? आता चाल, एक पिल्लू धर. दोन माह्याच्यानं नेवत नाई."

वासाचं कारण सांगत, नाक मुरडत त्यानं ते धरलं, आणि दोघं भांडत भांडत गेली.

त्या प्रकरणानं माझी चौकशीची पद्धत बदलली. माणूस गुन्हा पोटात ठेवू शकतो, मार सोसू शकतो, बायकोलाही फसवू शकतो. पण ज्यात आपला हात बसलाय, ते काम दुसरा डोळ्यांदेखत बिघडवत असेल तर त्याला गप्प बसवत नाही. पुढे कोणी तोंड उघडेनासा झाला, की मी धाकदपटशा बाजूला ठेवायचो. त्याच्या धंद्याबद्दल काहीतरी ठार चुकीचं, पूर्ण आत्मविश्वासानं बोलायचो, आणि तो मला सुधारायला सुरुवात करीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचो.