तिवरांतला हाका

माझ्या माहेरी शिकार म्हणजे रानडुकराची. आमचं गाव घाटावरचं, ऊसपट्ट्यातलं. डुकरं रात्रीतून उसाचा फड लोळवून जायची, मग गावातले पुरुष शिकारीला निघायचे. माझे थोरले चुलते त्यांचे म्होरके. त्यांच्याकडे बंदूक होती आणि बोलणं फार कमी होतं.

लहानपणी एकदा मी आणि धाकटा भाऊ हाका घालायला गेलो होतो. हाका म्हणजे काय, तर फडाच्या एका बाजूनं डबे बडवत, ओरडत माणसं आत घुसवायची. जनावर आवाजाला भिऊन उलट्या बाजूला पळतं. त्या बाजूला सगळं शांत असतं, आणि त्या शांत बाजूलाच बंदूकवाला दबा धरून बसलेला असतो. आम्ही डबे बडवत होतो आणि मला मजा वाटत होती. मग समोरच्या बाजूनं बार ऐकू आला. भावानं माझा हात घट्ट धरला. त्यानंतर आम्ही दोघंही परत कधी गेलो नाही.

पुढे मी तालुक्याच्या गावी संगणकाचा कोर्स करत होते. जवळच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला पनवेलकडची काही माणसं आली होती. त्यातल्या एकाशी मी लग्न केलं. जात वेगळी होती. घरी विचारून काही उपयोग नव्हता, म्हणून विचारलं नाही. रजिस्टर लग्न करून मी थेट पनवेलच्या खाडीकाठच्या त्याच्या गावात आले. दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट. करंजाड्याच्या बाजूला तेव्हा भराव टाकायचं काम चालू होतं आणि दिवसभर डंपर धूळ उडवत जायचे.

सासूबाईंनी मला घरात घेतलं, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मुलाला एवढंच म्हणाल्या होत्या, "आनलीस, आता सांभाल." नवरा तळोज्याला कंपनीत शिफ्टला जायचा. जाताना रोज सांगायचा, घराबाहेर पडू नकोस. मी आतल्या खोलीत बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकायची. डंपरचा आवाज वेगळा, रिक्षाचा वेगळा. चुलत्यांकडे जीप होती, म्हणून जीपचा आवाज आला की मी श्वास रोखायची आणि तो दूर गेला की मगच सोडायची. आपण चोरी केलेली नाही हे मला कळत होतं, तरी मी खिडकीपाशी जायची नाही.

एका सकाळी नवरा कामावर गेल्यानंतर शेजारची बाई धावत मागच्या दारानं आत आली.

"घाटावरची मानसं आलीत. देवलाजवल जीप उभी हाय. तुमचं घर इचारतात."

तेवढ्यात लांबून आवाज आला. माझ्या वडिलांचं नाव घेऊन कोणीतरी ओरडत होतं की आमची मुलगी बाहेर काढा. दुसराही आवाज आला. आमच्या भावकीतली दोन माणसं होती ती, मी आवाजावरून ओळखलं. मुद्दाम सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडत होती.

शेजारीण म्हणाली, "मागच्या रस्त्यानं जा गो, माज्या माहेरी पोचवते."

मी दारापर्यंत गेले आणि थांबले. पुढून इतका गोंगाट आहे, आणि चुलत्यांचा आवाज त्यात नाही. भावाचाही नाही.

"मागच्या रस्त्यावर माझे चुलते बसलेत," मी सासूबाईंना म्हटलं. "तिकडं नको."

"तुना कसं म्हाईत?"

"आमच्याकडं अशीच शिकार करतात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. मग त्यांनी खुंटीवरचं जुनं लुगडं काढून माझ्या अंगावर फेकलं.

"नेस. डोक्यावरनं पदर घे. चिंबोऱ्या धराला जाव."

चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे. ओहोटीला सासूबाई त्यांच्यासाठी तिवरांत, म्हणजे काठच्या खारफुटीत, जात. टोकाला वाकवलेली एक लांब सळई, कमरेला टोपली, एवढंच त्यांचं सामान. तिसरा रस्ता होता तो खाडीचाच. घाटावरच्या माणसाला तो रस्ता वाटणारच नाही.

अंगणाच्या कडेचा चिखल त्यांनी माझ्या तोंडाला, हातांना फासला. म्हणाल्या, "खाली बगून चाल. चिंबोऱ्या धरनाऱ्या बाईकडं कोन बगतंय?"

आम्ही बांधावरून निघालो. उजव्या हाताला मागचा रस्ता दिसत होता. तिथे चिंचेखाली माझे चुलते बसले होते, पाठ झाडाला टेकवून. भाऊ त्यांच्याजवळ उभा होता. मी मान वर केली नाही, तरी मला ते दिसले. सासूबाई पुढून मोठ्यानं बोलत होत्या, भाव काय मिळतो, बाजारात आता कोणी विचारत नाही, असलं काहीतरी.

कोणी हाक मारली नाही. आम्ही बांध उतरून तिवरांत शिरलो.

आत चिखलाचा वास आणि टपटप आवाज. सासूबाई एका बिळापाशी वाकल्या. सळई आत घातली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि झटक्यात एक मोठी चिंबोरी बाहेर ओढली. तिचे नांगे हवेत उघडमीट करत होते. त्यांनी ते सुतळीनं बांधले. मला म्हणाल्या, "तू बी वाक. लांबून कोनी बगितलं तर काम करताना दिसाला पायजे." मी वाकले. बिळात काळोख होता. आत जे कोण बसलं असेल ते आता काय करत असेल, हा विचार मनात आला आणि मी सळई घातलीच नाही.

बराच वेळ गेला. गावातला ओरडा थांबला होता. मला वाटलं, गेले असतील. तेवढ्यात जीपचा आवाज आला, तोही अगदी जवळ. भरावाच्या कच्च्या रस्त्यावरून जीप खाडीच्या कडेला आली होती. दोघं उतरले. चुलते आणि भाऊ. भावकीतली ती दोन माणसं देवळाजवळच राहिली असावीत. त्यांना कोणी सांगितलं, की चुलत्यांच्या डोक्यात आपणहून आलं, मला माहीत नाही. ते तिवरांकडे बघत उभे राहिले. आमच्यात आणि त्यांच्यात ओरडलं तर ऐकू जाईल इतकंच अंतर होतं.

"आत चल," सासूबाई कुजबुजल्या. "पल्याड घट्ट जागा हाय."

वर्षानुवर्षं त्या तिथून जात होत्या. पण भरावाच्या वजनानं खालचा गाळ सरकून पुढे आला होता, हे वरून दिसत नव्हतं. त्यांनी चार पावलं टाकली आणि त्या खाली गेल्या. आधी गुडघ्यापर्यंत. पाय काढायला गेल्या तर दुसरा मांडीपर्यंत गेला. आवाज अजिबात झाला नाही. त्यांनी तोंडावर हात धरला होता.

मी त्यांचा दंड धरून ओढलं, तर मीच रुतायला लागले. त्यांनी मला ढकललं.

"मना हात लावू नको. तू बी जाशील."

"आई, जोर करा."

"पाय खाली लागतच नाय गो."

मग मला पाणी दिसलं. तिवरांच्या मुळांमधून ते चोरासारखं आत येत होतं. भरती लागली होती. सासूबाईंनीही पाहिलं. आत्तापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, चिडचिड होती. आता तो चेहरा एकदम लहान झाला. मग म्हणाल्या, "तू बाजूबाजूनं गावात जा. मानसं घेऊन ये."

"तोवर पाणी येईल."

"मंग येव दे. बोंबलू नको. बोंबललीस तर तुना नेतील."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. गावात जाऊन यायचं म्हणजे चिखलातून केवढा वळसा. आणि इथे माणसं होती, हाकेच्या अंतरावर, धडधाकट, माझ्याच रक्ताची. मला ते मारतील का? चुलत्यांच्या मनात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. जीपमध्ये बंदूक आहे का, तेही ठाऊक नव्हतं. पाणी सासूबाईंच्या कमरेला लागलं.

मी डोक्यावरचा पदर काढला, तिवरांतून बाहेर उघड्यावर आले आणि भावाला हाक मारली. दोन्ही हात वर करून, घसा फाटेपर्यंत.

तो पळत आला. चपला कडेलाच राहिल्या. मला धरायला येतोय की काय, म्हणून मी मागे सरले, पण त्याची नजर माझ्या पलीकडे गेली.

"तायडे, कोण हाय त्या?"

"माझी सासू. बुडतीये रे."

तो तसाच वळला आणि भरावावरच्या डंपरकडे हात करून ओरडत सुटला. डंपरवाले दोघे परप्रांतीय होते. त्यांनी गाडीतली ताडपत्री आणि फळ्या आणल्या. भाऊ फळीवर पालथा पडून सरपटत सासूबाईंपर्यंत गेला. डंपरचा ड्रायव्हर त्याच्या मागून. "माताजी, हिलना मत," तो सारखा म्हणत होता. भावानं हातांनी गाळ उपसायला सुरुवात केली. उपसलेल्या जागी परत गाळ भरत होता. पाणी सासूबाईंच्या छातीला आलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी काठावरून ओरडत होते, "आई, तू हलू नकोस, तू हलू नकोस." त्यांना मी कधी एकेरीत बोलले नव्हते.

शेवटी पाण्यानंच गाळ सैल केला. दोघांनी काखेत हात घालून ओढलं आणि त्या एका बाजूला कलंडत बाहेर आल्या. लुगडं अर्धं चिखलातच राहिलं. भावानं आपला शर्ट काढून त्यांच्यावर टाकला.

त्यांना भरावावर आणून निजवलं तेव्हा चुलते तिथेच उभे होते. सगळा वेळ ते जागचे हलले नव्हते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला म्हणाले, "बस गाडीत."

मी हलले नाही. हलता येतच नव्हतं. सासूबाईंनी निजल्या निजल्या माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता.

"काका, चला," भाऊ म्हणाला.

"हिला घेतल्याबिगर?"

"ताई गावली न्हाई म्हनून सांगू घरी."

चुलत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता याला मारतात. पण तोवर बांधावरून गावातली माणसं येऊ लागली होती, काहींच्या हातात काठ्या होत्या. डंपरवालेही जवळ येऊन उभे राहिले. चुलते जीपपाशी गेले. मागच्या सीटवर घोंगडीखाली काहीतरी लांब ठेवलेलं होतं. घोंगडी त्यांनी सारखी केली, मग माझ्याकडे वळले.

"आज सोडलं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, हळू.

भाऊ उघड्या अंगानं जीपमध्ये बसला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही भेटलेलो नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर त्याचं काय झालं, हे मला अजून माहीत नाही.

सासूबाई महिनाभर कंबर धरून होत्या. मी त्यांना शेक द्यायची. एकदा शेक घेताना भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुजा भाव चांगला हाय गो." मग कूस वळवून म्हणाल्या, "पन त्या म्हाताऱ्याचे डोले नाय चांगले. तू गावात ऱ्हाऊ नको."

त्यांनीच मुलाच्या मागे लागून आम्हाला कामोठ्याला खोली घ्यायला लावली. गर्दीत माणूस सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही राहायला गेलो. खाली दुकानं, क्लासेस, दिवसभर रिक्षा. मी मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. दारावर पाटी लावली ती नुसत्या नवऱ्याच्या नावाची. सासूबाई यायच्या तेव्हा आधी खालून वर बघायच्या, मग जिना चढायच्या, आणि आत आल्यावर कडी स्वतः लावायच्या.

वर्षं गेली. चुलते खूप म्हातारे झाल्याचं कुठूनतरी कळलं. तरी "आज सोडलं" यातला तो "आज" माझ्या डोक्यातून गेला नाही. तो दिवस संपला, पुढचे दिवस कोणाचे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी पनवेलच्या बाजारात भाजी घेत होते. मागून कोणीतरी मला माझ्या लग्नाआधीच्या पूर्ण नावानं हाक मारली. पुरुषाचा आवाज. परत एकदा मारली, थोडी जवळून. वर्गातला कोणी जुना मुलगा असेल. कदाचित भाऊही असेल. मी वळले नाही. भाजीची पिशवी तिथेच टाकली, गर्दीतून वाट काढत रस्त्यावर आले आणि समोर दिसली त्या रिक्षात बसले. ड्रायव्हरनं विचारलं कुठे जायचंय, तर मी म्हटलं, "आधी चला तर खरं." बरंच पुढे गेल्यावर मला घराचा पत्ता आठवला.