साडेदहाची शुभ सकाळ

खून, दरोडे, चेन ओढणारे, सगळे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कोण कुठल्या ठाण्यातला, ते फाईल बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण एक केस विसरायची सोयच नाही. रोज सकाळी फोन उघडला की नातेवाईकच तिची आठवण करून देतात. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि वर ठळक अक्षरात 'शुभ सकाळ'.

तेव्हा मी नांदेडला एका ठाण्याचा इन्चार्ज होतो. गुरुवारी सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक नवरा-बायको आत आले. नवरा पस्तिशीतला, बोटांना शाईचे डाग. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. बायको पुढं आणि हा तिच्या मागं.

"जयभीम साहेब," बायको म्हणाली. "मामंजी मंगळवारपासून घरात न्हाईत."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. वय अडुसष्ट, जुने पेंटर. लातूरपासून नांदेडपर्यंत एकेकाळी निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि शुगरची गोळी रोजची.

मिसिंगची नोंद घ्यायला आमचे हवालदार बसले. माणूस देगलूरकडचा, नोकरीची दोन वर्षं राहिलेली. प्रश्न विचारताना वर बघायचं नाही ही त्यांची पद्धत.

"अंगात काय होतं?"

"पांढरा सदरा."

"पायात काय होतं?"

"चप्पल."

"डोक्यात काय होतं?"

"राग होता," बायको म्हणाली.

हवालदारांनी 'राग' लिहिलं, मग खोडलं, आणि पहिल्यांदा वर बघितलं. "बाई, टोपी का रुमाल ते विचारून राहिलो मी."

नवऱ्यानं बायकोला कोपर मारलं. मी ते बघितलं, पण तेव्हा सोडून दिलं. घरोघरी भांडणं असतात.

फोनचं लोकेशन काढलं. शेवटचा टॉवर बसस्टँडचा, मंगळवारी सकाळचा. त्यानंतर काही नाही, कारण रिचार्ज संपलेलं. पण गंमत पुढंच आहे. बुधवारी आणि गुरुवारी त्यांच्या फोनवरून घरच्या ग्रुपवर एकेक फोटो आला होता. डोंगर, वरती काहीतरी पांढरं, पिवळा सूर्य आणि मधोमध मोठ्या अक्षरात 'शुभ सकाळ'. कुणाच्या तरी वायफायवरून टाकत असावेत. घरचे विचारायचे, "कुठं हाव? गोळ्या हायत का?" वाचल्याच्या निळ्या खुणा उमटायच्या, पण उत्तर नाही.

"म्हणजे म्हातारं खुशाल हाय," हवालदार म्हणाले. "खुशाल नसल्यावर कोण शुभ सकाळ म्हणतंय?"

"फोन दुसऱ्याच्या हातात असंल तर?" बायको म्हणाली. गोष्ट खरी होती. फोटो पाठवणारा फोन होता. पाठवणारा हात कुणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारीही तसाच फोटो आला. मी नवऱ्याला विचारलं, "तुझं दुकान कॉम्प्युटरचं ना? ही अक्षरं काढता येतील का? मागचा भाग दिसला तर जागा कळेल."

"येतील की."

आमच्यासमोरच त्यानं लॅपटॉप उघडला. अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि अक्षरं गेली. जशी काही कधी नव्हतीच. आणि त्यांच्या जागी, डोंगराच्या मधोमध, पायऱ्या! खालून वर जाणाऱ्या, नागमोडी.

"माहूर!" हवालदार आणि मी एकदमच बोललो. डोंगर, वर पांढरं काहीतरी आणि पायऱ्या. नांदेड जिल्ह्यातल्या पोलिसाला दुसरं काय सुचणार?

"मामंजी माहूरला कशाला जातील?" बायको म्हणाली. "घरात कधी देवाचं नाव घेत न्हाईत ते."

"बाई, रागात माणूस कुठंबी जातो," मी म्हणालो. केवढ्या रुबाबात म्हणालो! आठवलं की अजून कान गरम होतात. जन्मभर न बदललेला माणूस तिनं सांगितला आणि मी विश्वास ठेवला दोन मिनिटांत उगवलेल्या पायऱ्यांवर.

शनिवारी मी, हवालदार आणि तो नवरा जीपनं माहूरला गेलो. वाटेतच, सकाळी आठला, ग्रुपवर फोटो आला. धर्मशाळा, चहाची हॉटेलं, पार्किंग, सगळं पालथं घातलं. पेंटरचा फोटो दाखवून आमचे हात दुखले. शेवटी नारळ-बांगड्यांच्या एका दुकानातल्या मावशीला आम्ही तो पायऱ्यांचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला, आडवा केला.

"ह्या पायऱ्या कुठल्या म्हणायच्या साहेब?"

"इथल्याच की."

"आगं बया. जन्म गेला माझा इथं. हे बघा, ही पायरी चालली, चालली, अन् झाडातच गेली. पुढं माणसानं काय उडी मारायची का?"

मी बघितलं. खरंच, पायऱ्या मध्येच झाडात विरघळल्या होत्या. एक पायरी तर उभी होती. मी नवऱ्याकडं वळलो.

"हे काय आहे रे?"

"साहेब, ते सॉफ्टवेअर खालचं न्हाई दाखवत," तो म्हणाला. "अक्षराच्या खाली काय होतं ते त्याला तरी काय म्हाईत? आजूबाजूचं घेतंय अन् भोक बुजवतंय."

"मग हे काल का नाही सांगितलंस?"

"तुमी म्हणलात, अक्षरं काढ. म्या काढली. कस्टमर सांगंल तेवढंच करायची सवय हाय."

मावशी इतकी हसली की तिनं आम्हा तिघांना फुकट पाणी पाजलं.

रविवारी मात्र हसू पळालं. त्या दिवशी फोटोच आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. बायको ठाण्यात येऊन बाकावर बसली आणि फोनकडं बघत राहिली. रडत नव्हती. रडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

मी नवऱ्याला माझ्या खोलीत घेतलं. गप्प बसणाऱ्या माणसाला दमदाटी करून काही मिळत नाही, हा माझा अनुभव. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावं. कामाबद्दल कुणीही बोलतं.

"हात चांगला बसलाय तुझा. दोन मिनिटांत अक्षरं साफ."

"रोजचंच हाय साहेब."

"रोज काय काय काढतोस?"

"तारीख, दुसऱ्या दुकानाचं नाव, फोन नंबर. इलेक्शन झालं की पडलेल्याचं नाव." थोडा हसला.

"आणि सोमवारी काय काढलंस?"

हसू थांबलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"नाव."

"कुणाचं?"

"आबाचं. वडलांचं."

मग सगळं बाहेर आलं. लातूरच्या एका विहारात आबांनी तरुणपणी बुद्धाचं मोठं चित्र काढलेलं होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव. गिऱ्हाईकाला कार्यक्रमाच्या बॅनरसाठी तेच चित्र हवं होतं. तो फोटो घेऊन आला आणि म्हणाला, खाली काहीतरी खरडलंय ते काढ, चित्र साफ दिसलं पाहिजे.

"म्या वाचलं बी न्हाई साहेब. बोट फिरवलं, गेलं. आबा दुकानात आले तवा बॅनर सुकायला टांगलेलं होतं. लई वेळ बघत उभे राहिले. घरी आले, जेवले, काहीच बोलले न्हाईत. सकाळी गेले. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं."

आता तो रडायला लागला. मी उगीच काम काढलं. "तो मूळ फोटो दाखव. अक्षरं न काढलेला."

त्यानं दाखवला. पायऱ्यांच्या नादात तो आम्ही पुन्हा बघितलाच नव्हता. मी मोठा करून बघायला लागलो. सूर्यातून एक बारीक रेघ खाली येत होती. ती डोंगरातून गेली, आणि तिथून सरळ 'शुभ'मधून आरपार गेली.

"ही रेघ कसली?"

त्यानं डोळे पुसले आणि बघितलं. बघतच राहिला. "भिंतीला तडा हाय साहेब."

"अक्षरांतून कसा गेला मग?"

"अक्षरं..." त्याचा आवाजच बदलला. "हे फॉन्ट न्हाई साहेब. हे बघा, हितं रंगाचा ओघळ आलाय. हे ब्रशचं हाय. हे आबाचं अक्षर हाय."

डोंगर, वरचा पांढरा ढग, सूर्य, अक्षरं, सगळं एका भिंतीवर रंगवलेलं. पेंटरांनी भिंतीचा फोटो काढून पाठवला होता, आणि आम्ही तिघे शहाणे मागचं बघायचं म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेलं तेवढंच पुसून बसलो होतो. पोराला वडिलांचं अक्षर ओळखू आलं नाही, कारण ते छापल्यासारखं सुबक होतं.

बाकीचे तीन फोटोही काढले. भिंत प्रत्येक वेळी वेगळी, तडे वेगळे. पण भिंती कुठल्या? इथं आमच्या हवालदारांनी नोकरी सार्थकी लावली. ते दारात उभे राहून ऐकत होते.

"साहेब, फोटो आल्याच्या वेळा सांगा बरं."

"बुधवारी साडेदहा. गुरुवारी साडेदहा. शुक्रवारी साडेदहा."

"पेंटर पहाटं उठणारा माणूस. त्याची सकाळ साडेधाला का होऊन राहिली? अन् शनवारी?"

"आठला."

"अन् आज?"

"आज नाहीच."

"आज रविवार. शनवारी सकाळची, रविवारी सुट्टी." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "शाळा हाय साहेब. बाई आल्या की त्यांच्या फोनचं नेट मिळतंय त्येला."

झेडपीच्या शाळांच्या भिंतींवर हल्ली पाढे, नकाशे, फळं-फुलं, सगळं रंगवून घेतात. मी तालुक्या-तालुक्यांच्या पोलीस पाटलांना मेसेज टाकला. पोलीस पाटील म्हणजे गावातले आमचे डोळे आणि कान. विचारलं, कुणाच्या शाळेत सध्या म्हातारा पेंटर काम करतोय का? सव्वा तासात नायगाव तालुक्यातून एकाचा फोन आला.

"हाव साहेब, हाय की आमच्यात. पाच-सा दिस झाले. लई भारी अक्षर. पन नाव इचारलं की सांगत न्हाई."

"तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत. कालच सरपंचाच्या घराला रंग कसा चुकलाय ते तासभर सांगितलं त्येनं."

मी फोन बायकोकडं दिला. तिनं ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं, सरपंचाच्या रंगासकट. तेव्हा कुठं रडली.

सोमवारी आम्ही सगळे गेलो. पेंटर शिडीवर होते. दोरीला निळीची पूड लावून, ताणून भिंतीवर टणकन उडवली, सरळ रेघ उमटली. त्यांनी आम्हाला बघितलं, माझा युनिफॉर्म बघितला, आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

"आबा," पोरगा म्हणाला.

ते दोरीला पुन्हा निळीची पूड चोळायला लागले.

मी म्हणालो, "तुम्ही मिसिंग आहात. तुमची नोंद आहे आमच्याकडं."

"मी कुठला मिसिंग?" वरूनच ते म्हणाले. "रोज लिहून पाठवत होतो. वाचलं न्हाई तर मी काय करू?"

शाळेच्या बाईंनी सांगितलं तेवढंच कळलं. मंगळवारी पहिली दिसली त्या बसमध्ये बसले, इथं उतरले, शाळेत पाणी प्यायला आले आणि रंग उडालेली भिंत बघून म्हणाले, ब्रश आहे का? झोपायला व्हरांडा, भाकरी घरटी एकेक. गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळाल्या.

पोरगा शिडीखाली गेला. "चुकलं आबा. चला घरी."

"तीन भिंती राहिल्यात."

"मग मीबी थांबतो."

"तुला काय येतंय? इथं कॉम्प्युटर न्हाई."

"दोरी धरता येते. ल्हानपणी धरत व्हतो."

म्हाताऱ्यानं दोरीचं एक टोक खाली सोडलं. सुनेनं डबा उघडला, आणि हवालदार व्हरांड्यात बसून मिसिंग सापडल्याचा जबाब लिहायला लागले. या वेळी त्यांनी कपड्याचे प्रश्न विचारले नाहीत.

तीन दिवसांनी पोलीस पाटलांचा फोन आला. काम संपलं होतं. बाई पेंटरांना म्हणाल्या, खाली नाव टाका. त्यांनी ब्रश पोराच्या हातात दिला. "तू लिही." पोरानं आयुष्यात ब्रशनं अक्षर काढलं नव्हतं. अक्षरं एकाखाली एक घसरली, काना तर भिंतीबाहेर जायला निघाला. तो ओल्या फडक्यानं पुसायला गेला. तर म्हातारं म्हणालं, "वाकडं हाय. ऱ्हाऊ दे. पुसू नको."

या केसनंतर मी साक्षीदार ऐकायची पद्धत बदलली. माणसंही त्या सॉफ्टवेअरसारखीच असतात. जे बघितलं नाही तिथं आजूबाजूचं घेऊन पायऱ्या बांधतात, आणि शपथेवर सांगतात. मी पण बांधल्या. तेव्हापासून साक्षीदार फार गुळगुळीत बोलायला लागला की मी विचारतो, "बाबा, यातलं तू स्वतः किती बघितलंस?" आणि घरातली सून 'ते तिकडं जाणार नाहीत' म्हणाली, तर जीप काढायच्या आधी तिला चहा देऊन अर्धा तास ऐकतो. रिटायर झालो तरी सवय गेली नाही. बायको म्हणते, घरी पण एवढंच ऐकत जा.

हे लिहायच्या आधी मी पेंटरांना फोन केला. म्हणालो, नियमाप्रमाणं तुमचं नाव लिहिता येणार नाही, वाईट वाटून घेऊ नका.

ते हसले. "नका लिहू साहेब. भिंतीवर हाय की. पोरानं लिहिलंय."