एडापासून सूट मिळावी, ही विनंती

शैलजाताई देवपुजारी अमेरिकेत नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या नागपूरच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा फोनवर त्यांनी विचारलंच, "सूनबाई, तुझी नोकरी असते तरी कशातली?"

"आई, मी एडामध्ये काम करते."

पलीकडून हळूच आवाज आला, "येड्यांमध्ये? अन् राजेश काही म्हणत नाही?"

एडा ही कॉम्प्युटरची भाषा आहे, हे मलाही आधी माहीत नव्हतं. मी मिनेसोटात ईडन प्रेरीला शैलजाताईंपासून चार घरं सोडून राहते. बर्फ नसलं की संध्याकाळी आम्ही दोघी राउंड लेक या तळ्याभोवती चालतो आणि चालताना त्या बोलतात. त्यांची कंपनी लष्करी विमानांसाठी एक पेटी बनवते. टाकीत किती इंधन उरलंय ते ती पेटी वैमानिकाला सांगते. यात गुपित काही नाही. असतं तर त्यांनी मला सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी मला समजलं नसतं.

तर ही एडा. अमेरिकेच्या लष्करात एके काळी कॉम्प्युटरच्या भाषांचा नुसता बाजार भरला होता. एका खात्याचं दुसऱ्याला कळेना. शेवटी संरक्षण खात्याने स्वतःसाठी एक नवी भाषा करवून घेतली. जुन्या काळच्या एका गणिती बाईंचं नाव तिला दिलं, आणि पुढे हुकूम सोडला की यापुढे आमचं सॉफ्टवेअर या भाषेतच लिहायचं. भाषा मोठी शिस्तीची. वजनाच्या पौंडात मापाचे गॅलन मिळवायला गेलात की ती हात धरते आणि म्हणते, आधी कशाचं काय ते ठरवा.

शैलजाताई लग्न होऊन नागपूरहून इथे आल्या आणि युनिव्हर्सिटीत जाऊ लागल्या, तेव्हा हा हुकूम अगदी ताजा होता. त्यांना ती भाषा मनापासून आवडली. "माझ्यासारखीच आहे गं ती," त्या मला म्हणाल्या होत्या. "डब्यावर लेबल नसेल तर मी डबा फडताळात ठेवत नाही." ग्रीन कार्ड हातात पडलं, पाठोपाठ या कंपनीत नोकरी लागली. एडा येणारी माणसं तेव्हा शोधून सापडत नव्हती. आता जन्मभर एडा लिहायची, अशा आनंदात त्या पहिल्या दिवशी नवीन बूट घालून गेल्या.

त्यांचा साहेब होता डग. मिनेसोटाचाच, मऊ बोलणारा, वाईट बातमीसुद्धा हवामान सांगावं तशी सांगणारा. त्याने त्यांना बसवलं आणि म्हणाला, "शैलजा, लष्कराचा हुकूम आहे की पेटीचं सॉफ्टवेअर एडामध्ये हवं."

"हो, म्हणून तर मी आले."

"पण पेटीत कोणती चिप घालायची तेही लष्करानेच ठरवलंय. त्या चिपसाठी एडाचा कंपायलर अजून कोणी बनवलेला नाही."

कंपायलर म्हणजे दुभाषा. आपण लिहिलेलं चिपला समजेल असं करून देणारा. म्हणजे भाषाही लष्कराची, चिपही लष्कराची, आणि दोघांची बोलचाल नाही.

"मग करायचं काय?"

"हुकमातच सोय आहे. एडा का वापरता येत नाही हे पटवून दिलं, तर सूट मिळते. तसा अर्ज तुला लिहायचाय."

"मी? मला तर ती वापरायची आहे!"

"म्हणूनच तू," डग म्हणाला. "ज्याला भाषाच येत नाही त्याने लिहिलं, तर त्यांना वाटेल आळशीपणा करतोय. तू लिहिलंस की त्यांना पटेल."

शैलजाताईंनी जड मनाने अर्ज लिहिला. पण त्यांचं मन जड असलं तरी हात हलका होता. एडाची एकेक खोड त्यांनी अशी बारकाईने मांडली, की सूट तर मिळालीच, वर लष्कराच्या कार्यालयाकडून अर्ज उत्तम असल्याचा अभिप्राय आला. झालं! शेजारच्या विभागाचं रडार होतं, पलीकडच्यांचं आणखी काही होतं. सगळे दारात उभे. "शैलजा, आमचंही एक लिहून दे ना." जिच्यासाठी त्यांना नोकरीवर घेतलं होतं, ती भाषा का नको हे लिहिण्यात त्यांची ऐन तरुण वर्षं गेली. घरी राजेशराव म्हणायचे, "तुझं म्हणजे असं झालं, की आचारी म्हणून ठेवलं आणि उपासाची महती लिहून घेतात."

एकाच कंपनीतून इतके अर्ज येतात म्हटल्यावर लष्कराला संशय आला. एक कर्नलसाहेब चौकशीला आले. सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवून त्यांनी एडाच्या थोरवीवर भाषण सुरू केलं. सोबत आणलेला त्यांच्या कार्यालयाचा एक प्रोग्रॅमही ते दाखवत होते. कोणत्या कंपनीने किती एडा वापरली याची रंगीत चित्रं त्यात होती. मधेच पडदा काळा पडला. कर्नलसाहेबांनी दोन-चार बटणं दाबली, कॉम्प्युटरच्या पाठीवर थापही मारली. काही उपयोग झाला नाही.

शैलजाताईंनी अगदी सहज विचारलं, "सर, हा प्रोग्रॅम एडामध्ये आहे का?"

"नाही. आमच्याकडच्या मुलांनी C भाषेत लिहिला. एडाचा कंपायलर आमच्या बजेटात बसला नाही."

"मग तुम्ही सूट मागितली असेल?"

कर्नलसाहेब चकित झाले. "आम्ही? आम्ही कशाला सूट मागायची? हुकूम आमचाच आहे!"

डगने खोकल्याचं निमित्त केलं आणि तो बाहेर गेला. जेवणाच्या सुट्टीत मात्र कर्नलसाहेब हळूच शैलजाताईंच्या टेबलापाशी आले. तुमच्या अर्जाचा एखादा नमुना मिळेल का, म्हणाले. वरचे लोक आता आमच्याकडेही मागायला लागलेत.

पुढे संरक्षण खात्याने तो हुकूमच मागे घेतला. आता भाषा कोणतीही चालेल. सगळी कंपनी सुटल्यासारखी झाली, डगने केकसुद्धा आणला. शैलजाताईंनी आपल्या वाट्याचा तुकडा नॅपकिनमध्ये गुंडाळून घरी आणला आणि न खाता फ्रीजमध्ये ठेवून दिला. मग पोटापाण्यासाठी इतर भाषा शिकल्या, त्यांत चांगलं काम केलं, बढत्या मिळाल्या. मुलगी मोठी होऊन सिॲटलला गेली, डग रिटायर होऊन मासे पकडायला गेला.

एवढं सगळं होऊन गेल्यावर, आता आता, सरकारला पुन्हा जाग आली. सॉफ्टवेअरमधल्या कित्येक घातक चुका ढिलाईने वागू देणाऱ्या भाषांमुळे होतात, तेव्हा सुरक्षित भाषा वापरा, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. इंधनाची पेटी नव्याने करायची होतीच. लष्कराच्या ज्या कार्यालयाला ती हवी होती त्यांनी कळवलं, की या वेळी आम्हाला एडा बरी वाटते.

आता शैलजाताईंची बॉस होती चैत्राली. पस्तिशीची, जन्माने आणि वाढीने इथलीच, भारतीयांनी गजबजलेल्या आयसेलिनची. तिला मराठी समजायचं छान, पण बोलताना ती वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत उतरायची. शैलजाताईंना काय म्हणून हाक मारायची याची तिला मोठी पंचाईत. शेवटी तिने नियम केला होता: ऑफिसच्या आत 'शैलजा', पार्किंग लॉटमध्ये 'मावशी'.

तीच एक दिवस लॅपटॉप उघडा धरून आली. "शैलजा, मिलिटरीने एक जुनं डॉक्युमेंट पाठवलंय. एडा या पेटीला का चालणार नाही, त्याचं. आपल्याच कंपनीचं आहे, नाइन्टीजमधलं. एकेक मुद्दा खोडून काढा म्हणतात. मी try केलं. I can't. हा माणूस फार भारी आहे."

शैलजाताईंनी पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. "माणूस नाही, बाई आहे."

"You know her?"

"चांगली ओळखते. हट्टी आहे."

"मग तिला call करूया ना?"

"ती तुझ्यासमोर बसलीये, चैत्राली."

पुढचा आठवडा शैलजाताई स्वतःशी भांडत होत्या. चालताना मला सांगायच्या, "अगं, तिसरा मुद्दा इतका घट्ट लिहून ठेवलाय मी, कुठून हात घालू कळत नाही." राजेशरावांनी तर उघडच सांगितलं, की वाचून त्यांना जुन्या शैलजाचंच पटतंय. त्यांना दोन दिवस चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

बैठकीला लष्कराकडून एक मेजरबाई आल्या. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, "तुमची कंपनी तेव्हा खोटं बोलत होती की आता?"

"कोणतीच वेळ खोटी नाही," शैलजाताई म्हणाल्या. "तेव्हाच्या चिपला ही भाषा कळत नव्हती. आताच्या चिपला कळते. भाषा होती तशीच आहे."

"आणि पहिल्या कागदाचा लेखक कोण?"

"मी."

"दुसऱ्याचा?"

"मीच."

मेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मी वाद घालून काय उपयोग? जिंकणार तुम्हीच." आणि त्यांनी एडाला मंजुरी दिली.

चैत्रालीला पेढे वाटावेसे वाटत होते. शैलजाताई मात्र बैठकीहून निघाल्या त्या थेट तिच्या केबिनमध्ये. "शेड्यूल काय आहे?"

"दीड वर्ष. Comfortable आहे."

"दीड वर्ष विसर. लष्कराचं प्रेम किती टिकतं ते मी पाहिलंय. पानगळीच्या आत संपवायचं."

त्या उन्हाळ्यात त्या तळ्यावर फारशा आल्याच नाहीत. राजेशराव स्वयंपाक शिकले. पहिल्या फोडणीला त्यांच्या घरचा धुराचा भोंगा असा वाजला, की पलीकडचे आजोबा कुत्र्यासकट अंगणात आले. इकडे ऑफिसात शैलजाताई आणि चैत्राली पेटीचा जुना प्रोग्रॅम एडामध्ये आणत होत्या. एका दुपारी एडाने एक ओळ घ्यायलाच नकार दिला. बघतात तर जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी पौंडात गॅलन मिळवले होते, आणि ते इतकी वर्षं तसेच विमानात फिरत होते. सुदैवाने तो आकडा ज्या पडद्यावर यायचा, तो पडदा कोणी उघडतच नसे. "बघ, धरला की नाही हात!" शैलजाताई मला फोनवर सांगत होत्या. नातवाचं पहिलं पाऊल सांगावं तसा आवाज.

झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा पेटी तयार होती. चाचण्या झाल्या, पेटी विमानात बसली, विमान उडून सुखरूप उतरलंसुद्धा.

आणि पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात चैत्राली भर ऑफिसातून ओरडत आली, "मावशी!" सगळ्यांनी माना वर केल्या. नियम पहिल्यांदाच मोडला होता.

ईमेल त्याच कार्यालयाचं होतं. धोरण बदललं होतं. आता त्यांना वेगळीच एक नवी भाषा पसंत होती. ज्यांनी एडा वापरली आहे, त्यांनी तशी सूट मिळण्यासाठी कारणांसह अर्ज करावा.

"म्हणजे त्यांनी सांगितलं म्हणून आपण जे केलं, ते केल्याबद्दल आपणच permission मागायची?" चैत्राली लाल झाली होती.

"मागायची," शैलजाताई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आण इकडे. हे काम तर माझंच आहे."

मागचा कागद स्वतःलाच खोडून काढण्याचा होता; मनापासून हव्या असलेल्या गोष्टीसाठी अर्ज मात्र त्या जन्मात पहिल्यांदाच लिहीत होत्या. आणि तो अर्ज, चैत्रालीच्या शब्दांत सांगायचं तर, "a disaster" झाला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि जपून म्हणाली, "मावशी, यात 'सुंदर' हा शब्द खूप वेळा आलाय."

"सुंदरच आहे ती."

"हो, पण मिलिटरीला सुंदर चालत नाही. आणि हे, 'तिने आयुष्यभर वाट पाहिली', हे कोणाबद्दल आहे?"

शैलजाताई चष्मा काढून पुसायला लागल्या. चैत्रालीला काय करावं कळेना. तिने त्यांच्यासमोरची पाण्याची बाटली उघडली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मी लिहू? तुमचाच जुना अर्ज घेते आणि सगळे मुद्दे उलटे करते. त्याच्याइतकं भारी कोणीच लिहू शकत नाही."

अर्ज चैत्रालीने लिहिला. त्यात 'सुंदर' एकदाही नव्हतं. मंजुरी थंडी सरायच्या आत आली.

तळ्याकाठची वाट मोकळी झाली तेव्हा शैलजाताईंनी मला फोनवरचं मंजुरीचं पत्र दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, की ही सूट पुढील आदेश येईपर्यंत लागू राहील.

"म्हणजे निदान वर्षभर तरी चिंता नाही," मी म्हटलं.

"वर्षभर?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी कालच या देशात उतरलेय. "अगं, मी मे महिन्यातली सिॲटलची तिकिटं कॅन्सल केली. पुढचा आदेश तोवर येईलच, तेव्हा मी इथे असलेली बरी."

तेवढ्यात राजेशरावांचा फोन आला. वरणात हिंग आधी घालायचं की नंतर, ते विचारत होते.